केसभर माघार

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅडला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ड्रम ब्रेक उघडला तर आत दोन शूज आणि त्यांना एकमेकांकडे खेचून धरणाऱ्या जाडजूड स्प्रिंगा दिसतात. लिव्हर सुटली की त्या शूजना निमूट जागेवर आणून बसवतात. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागात, असं काहीही नाही. पिस्टन आहे, पॅड आहेत, मध्ये ब्रेक ऑइल आहे. पुढे ढकलायला तुमच्या हाताची सगळी ताकद आहे. मागे आणायला कोण आहे?

एक रबराची रिंग आहे. पिस्टनभोवती, कॅलिपरच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत बसलेली, चौकोनी छेदाची रिंग. आपण तिला सील म्हणतो आणि तेल बाहेर येऊ न देणं हेच तिचं काम समजतो. तिचं दुसरं काम जास्त नाजूक आहे. हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या हाताचं बोट टेकवा आणि जरासं पुढे सरकवा. बोट घसरत नाही, कातडीच त्याच्याबरोबर ताणली जाते, आणि जोर काढला की बोटाला घेऊन मागे येते. सील पिस्टनला अगदी तसंच धरून असतं. पिस्टन पुढे जातो तेव्हा सील घसरत नाही, वाकतं. दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला स्वतःबरोबर मागे आणतं. किती मागे? मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाइतकं. पॅड झिजला आणि पिस्टनला जास्त पुढे जावं लागलं, की सील तेवढ्यापुरतं घसरतं आणि नव्या जागेवरून पुन्हा तेवढंच मागे आणतं. म्हणजे ब्रेक ॲडजस्ट करायचं कामही त्याच रिंगकडे. एवढं सगळं काम करणारी वस्तू सुट्या भागांच्या यादीत मात्र कुठेतरी तळाशी असते.

जुन्या गाडीचे पॅड बदलण्याबद्दल लिहायला बसले आणि पहिल्यांदा हे सांगावंसं वाटलं, कारण पॅड बदलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. जुन्या ब्रेकबद्दल सगळे विचारतात, ‘लागतो का?’ पन्नाशी गाठलेला ब्रेक लागतो हो. कमी-जास्त, पण लागतो. वय दिसतं ते सुटण्यात.

माझी मोटरसायकल सत्तरच्या दशकातली जपानी आहे. पुढे एकच डिस्क, एकच कॅलिपर, कॅलिपरमध्ये एकच पिस्टन. तिचा पुढचा ब्रेक तक्रार करत नव्हता. आवाज नाही, थरथर नाही, लिव्हर ठणठणीत. फक्त इंजिन बंद करून ढकलताना ती वजनापेक्षा जड वाटायची. टायरमध्ये हवा कमी असेल म्हणून हवा भरली, बेअरिंग असेल म्हणून चाक डोलवून पाहिलं. मग सेंटर स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. डिस्क ब्रेकच्या चाकात पॅडची हलकी खसखस ऐकू येणं चालतं. पण ढकलल्यावर ते दोन-तीन फेरे तरी फिरायला हवं. हे अर्ध्या फेऱ्यात थांबलं. लिव्हर दाबून सोडली आणि पुन्हा फिरवून पाहिलं तर पाव फेराही नाही. ब्रेकने धरलं होतं आणि सोडलं नव्हतं.

पॅड झिजले होतेच. त्या काळच्या बऱ्याच पॅडच्या कडेला लाल रेघेची खूण असते. डिस्क त्या रेघेपर्यंत आली की पॅड संपला. माझा एक पॅड रेघेला टेकला होता आणि दुसरा अजून अर्धा शिल्लक होता. शिवाय टेकलेला पॅड सरळ झिजला नव्हता, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ झाला होता. हे दृश्य पाहून ‘चला, नवे पॅड मागवू’ म्हणणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बदलणं. तिरका झिजलेला पॅड हा पुरावा असतो. तो फेकण्याआधी वाचावा.

एकच पिस्टन असलेला कॅलिपर दोन्ही पॅड कसे दाबतो, हे त्यासाठी समजून घ्यायला लागतं. पिस्टन एका बाजूला आहे. तो आपल्या समोरचा पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क तर जागची हलत नाही. मग पिस्टनच्या मागचा दाब कॅलिपरलाच उलट्या दिशेला ढकलतो, आणि कॅलिपरच्या पलीकडच्या बाजूला बसवलेला दुसरा पॅड डिस्कवर येऊन टेकतो. थोडक्यात, कॅलिपर हलता यायला हवा. त्या पिढीच्या काही गाड्यांमध्ये तो फोर्कवरच्या एका पिनभोवती बिजागरासारखा झुलतो, नंतरच्या गाड्यांमध्ये दोन पिनांवर सरकतो. पिनेतलं ग्रीस सुकलं, गंज धरला, की कॅलिपर एकाच जागी खिळतो. पिस्टनचा पॅड दाबून मोकळा होतो आणि पलीकडचा तरी कायमचा घासत राहतो किंवा कधी टेकतच नाही. ब्रेक लागतोच, कारण आपला हात नकळत जास्त जोर लावायला शिकलेला असतो. जुनी गाडी चालवणाऱ्याचा हात फार समजूतदार असतो, आणि त्यामुळेच त्याच्या मतावर विश्वास ठेवता येत नाही.

न सुटणाऱ्या ब्रेकमध्ये दोषी कोण हे शोधायची एक पद्धत मला फार आवडते. तिला साधा पाना पुरतो. चाक जाम असताना कॅलिपरवरचं ब्लीडर निपल, म्हणजे आतली हवा आणि तेल बाहेर सोडायची छोटी तोटी, जरासं उघडायचं. चार थेंब तेल बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दाब आत अडकून पडला होता. नाही सुटलं, तर दोष कॅलिपरमध्ये आहे: पिस्टन, पॅड किंवा पिन. दाब अडकला असेल, तर पुढच्या वेळी चाक जाम झाल्यावर निपलऐवजी वर, मास्टर सिलिंडरजवळचा (लिव्हर दाबली की तेल ढकलणारा, हँडलवरचा भाग) होज पाइपचा बोल्ट सैल करायचा. तिथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा. तिथे नाही आणि निपल उघडल्यावरच सुटतं, तर दोष मधल्या पाइपचा.

पाइपचा दोष ऐकायला विचित्र वाटतो. रबरी होज बाहेरून तुकतुकीत असतो आणि आतून फुगून त्याचं भोक बुजत आलेलं असतं. तुमचा हात एवढा जोर लावतो की तेल त्या फटीतून पलीकडे जातं. परत येताना मात्र त्याला ढकलायला आहे कोण, तर ती रबराची रिंग. तिच्या जोराने तेल त्या फटीतून यायला तयार नसतं. होज मग एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा होऊन बसतो.

मास्टर सिलिंडरची गोष्ट त्याहून बारीक आहे. टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात. एक मोठं, नजरेला पडणारं. दुसरं मिलिमीटरभरही नसलेलं, आणि तळाशी साचलेल्या गाळाखाली बहुतेक वेळा दिसतच नाही. लिव्हर सोडलेली असताना पाइपातलं तेल या बारीक भोकातून टाकीशी जोडलेलं राहतं. ब्रेक तापला, तेल प्रसरण पावलं, तर जास्तीचं तेल तिथून वर जातं. ते भोक बुजलं तर काय होतं बघा. पॅड किंचित घासतो, डिस्क तापते, तेल फुगतं, वर जायला वाट नाही म्हणून पिस्टनला पुढे ढकलतं, पॅड आणखी घासतो, डिस्क आणखी तापते. कुणी लिव्हरला हात न लावता ब्रेक स्वतःलाच आवळत जातो. थांबून पंधरा मिनिटं गप्पा मारल्या की थंड होऊन सुटतो आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते, त्यामुळे माणूस रोग विसरतो. पिचकारीने टाकी कोरडी करून, गाळ पुसून, त्या भोकात बारीक तांब्याची तार अलगद घालायची. मग टाकीत तेल भरून लिव्हर हळूच दाबली की त्या भोकातून छोटासा फवारा उडतो. तो दिसला की भोक मोकळं. डोळ्यांवर चश्मा हवाच, आणि पेट्रोलच्या टाकीवर जाड कापड. ब्रेक ऑइल रंग खातं, आणि जुन्या गाडीचा मूळ रंग पुन्हा मिळत नाही.

माझ्या बाबतीत भोक साफ होतं. निपल उघडूनही चाक सुटलं नाही. म्हणजे कॅलिपर.

कॅलिपर खोलायची घाई करू नये. त्याचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट गाडीवर असतानाच सैल करून ठेवायचे. हातात घेतलेला कॅलिपर धरायला जागा नसते. आणि पिस्टन बाहेर काढायला गाडीचाच हायड्रॉलिक जोर वापरायचा. पक्कड लावून पिस्टन ओढणाऱ्यांनी किती चांगले पिस्टन मारले असतील याची गणतीच नाही. लिव्हर दाबत गेलं की पिस्टन आपोआप पुढे सरकतो, जाम झालेला असला तरी. कॉम्प्रेसरच्या हवेनेही निघतो, पण समोर जाड कापड आणि लाकडाचा तुकडा ठेवून. सुटलेला पिस्टन गोळीसारखा येतो आणि समोर बोट असेल तर बोटाचं काही खरं नसतं.

हे सगळं करताना एक पथ्य. त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. गाडीला कुठल्या वर्षी कुठले पॅड बसवले गेले याची खात्री कुणालाच नसते. म्हणून कॅलिपरमधली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवायची नाही, ब्रशने झटकायची नाही. पाणी फवारून ओली करायची, ओल्या कापडाने पुसायची, आणि ते कापड पिशवीत बंद करायचं. मास्क तर हवाच. जुन्या गॅरेजांमध्ये फुंकर मारून ब्रेक साफ करणारे हात आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या फुंकरीची किंमत वीस-तीस वर्षांनी वसूल होते.

ॲस्बेस्टॉस तिथे आलं कसं, हा ब्रेकच्या इतिहासातला थोडा चामड्याचा, थोडा कापसाचा भाग आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला, कार्ल बेंझला, न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून प्फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा तो प्रवास. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून तिने ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. रस्त्यात ब्रेकचं अस्तर बदलण्याचं ते पहिलं नोंदलेलं काम असावं, आणि ते काम करून घेणाऱ्या बाईला आपण काय करून घेतोय हे पक्कं माहीत होतं. पुढे इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने घोडागाडीवाले उतारावर ब्रेकला जुन्या बुटांचं चामडं लावतात हे पाहिलं आणि त्याच कल्पनेवर 1897 मध्ये धंदा उभा केला. कापसाचे विणलेले पट्टे, त्यांत मुरवलेली राळ, आणि मग उष्णता सोसणारं ॲस्बेस्टॉस. ‘फेरोडो’ हे नाव त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचा ‘ई’ घालून तयार झालं.

डिस्कची कल्पनाही तितकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश मोटार इंजिनिअरने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. त्याचं अस्तर तांब्याचं होतं आणि धातूवर धातू घासून तो भयंकर किंचाळायचा. 1953 मध्ये जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क लावून फ्रान्समधली ल मान्सची मोटार शर्यत जिंकली आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. दुचाकीवर लॅम्ब्रेटाने 1962 मध्ये टीव्ही 175 या स्कूटरला पुढे डिस्क दिली, पण ती केबलने ओढली जायची. तेलाच्या दाबावर चालणारी पुढची डिस्क सर्वसाधारण गिऱ्हाइकापर्यंत पोचली ती 1969 च्या होंडा सीबी 750 मुळे. त्यानंतर काही वर्षांतच ड्रम लावलेली मोठी मोटरसायकल जुनाट दिसू लागली. आज ज्या गाड्यांना आपण जुन्या म्हणून जपतो, त्यांतल्या कितीतरी त्या पहिल्या लाटेतल्या आहेत. डिस्क कशी असावी हे तिथेच चालता चालता शिकलं जात होतं. काही कॅलिपरमध्ये पिस्टनसमोरचा गोल पॅड थेट सिलिंडरच्या तोंडात बसतो. पाणी आत जातं, पॅडची पोलादी पाठ गंजते, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड चढते, आणि पॅड तिथेच अडकून बसतो. पिस्टन आत जायला तयार असतो, पण वाटेत पॅडच उभा. कोरड्या हवेत चालणाऱ्या गाडीला हे कधी कळत नाही, पावसात चालणाऱ्या गाडीला लवकर कळतं.

माझा पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावरचा क्रोम फोडासारखा उठला होता. नव्या सीलला त्या खडबडीत भागावर बसवलं असतं तर ते काही दिवसांत फाटलं असतं. पिस्टन घासून गुळगुळीत करू, असं मनात आलं की ओळखावं, आपण कंजूषपणा करतोय. क्रोमचा थर पातळ असतो. एकदा तुटला की पॉलिश पेपर फक्त खड्ड्याला चकाकी देतो. स्टेनलेस स्टीलचा नवा पिस्टन घेतला. तो गंजत नाही आणि माझ्यामागे ज्याच्या हातात ही गाडी जाईल त्याला हे काम पुन्हा करायला लागणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सीलच्या खाचेत. लोक नवा पिस्टन आणतात, नवं सील आणतात, बसवतात, आणि ब्रेक पुन्हा चिकटतो. मग सीलच्या कंपनीला शिव्या. दोष खाचेचा असतो. ॲल्युमिनियमची पांढरी, दगडासारखी कडक पूड खाचेच्या तळाशी आणि कोपऱ्यांत धरते. जागा कमी झाली की सील आतल्या बाजूला फुगतं आणि पिस्टनला आवळून धरतं. वाकायला त्याला मोकळीक उरत नाही. मग ते वाकत नाही, घसरतं, आणि घसरलेलं सील पिस्टनला मागे आणत नाही. केसभर माघार घ्यायची ती घेताच येत नाही. वाकवलेल्या पितळी आकड्याने, चांगल्या उजेडात, खाच सगळीकडून खरवडायची. सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा न काढता. पोलादी टोकाची हत्यारं इथे नकोत. मधूनमधून ब्रेक क्लीनरने धुऊन नखाने चाचपायचं. कोपरा चौकोनी लागला की तो भाग झाला. कंटाळवाणं काम आहे. ते संपल्यावर दाखवायला काही राहत नाही, कारण खाच सीलखाली झाकली जाते.

रबराला काय लावायचं याबाबत मात्र कुठलीही तडजोड नाही. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, यातलं काहीही ब्रेकच्या सीलला लागता कामा नये. त्यांनी हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. सील बसवताना ताज्या ब्रेक ऑइलचा हात किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस, बस. पॅडच्या पाठीला आणि कॅलिपरच्या पिनेला उष्णता सोसणारं सिलिकॉनचं ग्रीस, तेही बोटाने पुसून उरेल एवढंच. जास्त लावलेलं ग्रीस वितळून कुठे जाईल हे सांगायला नको.

आता नव्या पॅडची निवड. जुन्या गाड्यांच्या जगात ‘मूळ खोक्यातला, न वापरलेला’ हे शब्द ऐकले की माणसांचा आवाज बदलतो. कंपनीच्या छापील कागदात गुंडाळलेले, पन्नास वर्षांपूर्वीचे पॅड बघून मलाही हुरूप येतो. पण ते लावायचे नाहीत. एकतर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. दुसरं म्हणजे पॅडचं अस्तर पोलादी पाठीला चिकटवलेलं असतं, आणि पन्नास वर्षांचा तो गोंद कसा आहे हे तुम्हाला भर वेगात, जोरात ब्रेक दाबल्यावर कळणार. अस्तर सुटून पाठ थेट डिस्कवर घासण्याचा तो क्षण मला अनुभवायचा नाही. आरसे मूळचे हवेत, इंडिकेटर मूळचे हवेत, हँडलच्या रबरी मुठीसुद्धा मूळच्या मिळाल्या तर बघा. ब्रेकच्या बाबतीत मला मूळपणाचा अजिबात सोस नाही.

नवे पॅड दोन जातींचे मिळतात. एक राळेत बांधलेल्या तंतूंचे, ज्यांना ऑरगॅनिक म्हणतात. दुसरे धातूची पूड भट्टीत भाजून केलेले, सिंटर्ड. सिंटर्ड पॅड ओल्या रस्त्यावर आणि तापल्यावर जास्त धरतात, पण त्या काळच्या डिस्क त्यांच्यासाठी बनल्या नव्हत्या. कठीण पॅड जुन्या डिस्कला खातात. पॅड संपला तर दुसरा मिळतो, जुनी डिस्क शोधत फिरायला लागतं. म्हणून मी ऑरगॅनिक घेतले. डिस्कही मोजली, मायक्रोमीटरने, चार-पाच ठिकाणी. तिच्या किमान जाडीचा आकडा त्या-त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, काही डिस्कवर कोरलेलाही असतो. तिच्यातलं डोलणंही पाहिलं. फिरताना डिस्क फार डोलत असेल तर ती प्रत्येक फेऱ्यात पॅडना मागे लोटते, आणि मग लिव्हर पुढच्या वेळी रिकामी जाते. किंचित डोलणं मात्र उपकारकच असतं. रिंगने जी माघार घडवली, तिला डिस्कचा तेवढासा धक्काही मदत करतो.

एकत्र बसवताना पिन पॉलिश पेपरने चकचकीत करून, ग्रीस लावून, कॅलिपर बोटाने ढकलून झुलतो का ते पाहिलं. पलीकडचा पॅड जागेवर धरणारी स्प्लिट पिन नवी घातली. जुनी वाकवून पुन्हा वापरायची नसते. अशा झुलत्या कॅलिपरला एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, स्प्रिंग आणि लॉकनटसह. त्याने पलीकडचा पॅड डिस्कपासून किती लांब थांबेल ते ठरतं. चाक फिरवत फिरवत स्क्रू आवळायचा, पॅड घासायला लागला की थांबायचं, आणि साधारण अर्धा फेरा मागे घ्यायचा. मग लॉकनट आवळायचा. वर्षानुवर्षं कुणी न हलवलेला हा स्क्रू गंजून गेलेला सापडतो, आणि लोकांना तो काय करतो हेच माहीत नसतं.

तेलाबद्दल थोडं. ग्लायकोलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, होजच्या भिंतीतूनसुद्धा. डॉट 3 या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 140 वर आला तरी चालतो. डॉट 4 ला हेच आकडे 230 आणि 155. म्हणजे गाडी न चालवताही तेल म्हातारं होतं. उभ्या गाडीच्या कॅलिपरला, जिथे पाणी मुरलेलं तेल वर्षानुवर्षं थांबून राहतं, आतून गंज धरतो. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं. ते पाणी शोषत नाही आणि रंगही खात नाही, म्हणून जुन्या गाड्यांचे काही मालक त्याच्या प्रेमात असतात. पण आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत नाही, थेंब होऊन सगळ्यात खाली, नेमकं कॅलिपरमध्ये साचतं. ते इतर तेलांत मिसळायचंही नसतं. डॉट 5.1 मात्र पुन्हा ग्लायकोलचं. ही नावं ठेवणाऱ्या माणसाला एकदा भेटायची इच्छा आहे.

मग हवा काढणं. कॅलिपर रिकामा झाला की ते तेल वरून खाली भरताना बुडबुडे वर यायला धडपडतात आणि आपण त्यांना खाली ढकलत असतो. निपल उघडा, दाबा, बंद करा, सोडा, असं करत राहायचं. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. होजवर पान्याच्या दांडीने टिचक्या मारायच्या. शेवटचे बारीक बुडबुडे मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अडकतात. तिथला बोल्ट कापडात गुंडाळून किंचित सैल केला की तेही जातात. तरीही लिव्हर स्पंजसारखी लागली तर ती हलकेच हँडलला बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी ती बऱ्याचदा घट्ट झालेली असते.

ब्रेकच्या हायड्रॉलिक्सचं गणित या वेळी हाताला कळतं. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास 14 मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा 38. क्षेत्रफळांचं गुणोत्तर सव्वासातच्या थोडं वर जातं. जोर सातपटीहून जास्त होतो, पण अंतर तेवढ्याच पटीने मोजावं लागतं. पॅड डिस्कपासून एक दशांश मिलिमीटर जास्त लांब राहिला तर वरच्या पिस्टनला पाऊण मिलिमीटर जास्त सरकावं लागतं, आणि लिव्हरच्या टोकाला हे आणखी वाढून पोचतं. सीलने जास्त माघार घेतली तर लिव्हर खोल जाते, कमी घेतली तर चाक जाम राहतं. कुणीतरी इंजिनिअरने चार दशांशांच्या आत कुठेतरी ही तडजोड बसवली, आणि ती एका रबराच्या रिंगच्या आकारात साठवून ठेवली. पास्कलचा नियम शाळेत शिकवतात तेव्हा ही बाजू कुणी सांगत नाही.

नवे पॅड बसवल्यावर एक नियम मी मोठ्याने म्हणते: लिव्हर भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. पिस्टन मागे ढकललेला असतो. पहिल्यांदा लिव्हर दाबली की ती थेट हँडलला टेकते, आत काही नाही. दुसऱ्यांदा थोडा अडथळा. तिसऱ्या-चौथ्यांदा हाताला भिंत लागते. हे उभ्या गाडीवर करायचं. रस्त्यावरच्या पहिल्या वळणाशी ते आठवलं तर उशीर झालेला असतो.

चाक फिरवून पाहिलं. हलकी खसखस करत फिरत राहिलं. लिव्हर दाबून सोडली, पुन्हा फिरवलं, तसंच. निपल, बोल्ट, होजच्या दोन्ही टोकांचे नवे तांब्याचे वॉशर, सगळं टॉर्क रेंचने तपासलं आणि लिव्हर जोराने धरून मिनिटभर थांबले. कुठे ओल आली नाही.

नवे पॅड लगेच ताकद दाखवत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करायचा, चाक थांबू द्यायचं नाही, मध्ये थंड व्हायला वेळ द्यायचा. पॅडच्या अस्तराचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पकड येते. गरम झालेला ब्रेक दाबून धरून उभं राहायचं नाही, नाहीतर तो थर एकाच ठिकाणी जाड बसतो आणि पुढे लिव्हरमध्ये धडधड जाणवते. सुरुवातीचे काही किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवलं. परतल्यावर बराच वेळ ब्रेक न वापरता आलेल्या डिस्कजवळ हाताचा पंजा नेला, टेकवला नाही. कोमट होती. घासणारा ब्रेक असता तर चटका दुरूनच कळला असता.

जुने पॅड ओल्या कापडासकट दोन पिशव्यांत बांधून, वर ‘ॲस्बेस्टॉस’ लिहून घातक कचऱ्यात दिले. फुगलेला पिस्टन मात्र टाकला नाही. ‘पॅडच तर बदलायचेत, त्यात काय एवढं’ म्हणणारं कुणी भेटलं की तो त्यांच्या हातात द्यायला बरा पडतो.